चार्मिंग, कॅरिस्मॅटिक की आणखी काही? सरांसाठी इंग्रजी शब्द हवाय

सायली_क

नमस्कार मंडळी,

आमच्या शाळेतल्या मराठीच्या सरांना या वर्षी पंचाहत्तर पूर्ण होतायत. आम्ही माजी विद्यार्थी मिळून गौरवअंक काढतोय. अंकाच्या शेवटी काही पानं इंग्रजीत आहेत, कारण सरांची नातवंडं आणि परदेशातल्या अनेकांची मुलं मराठी वाचत नाहीत. ती पानं माझ्याकडे आली आहेत आणि एका वाक्यापाशी गाडी अडली आहे.

मूळ वाक्य असं: 'सरांच्या लाघवी स्वभावाची छाप भेटेल त्याच्यावर पडते.' समितीतल्या एकाने 'कॅरिस्मॅटिक' सुचवलं, दुसऱ्याने 'चार्मिंग'. मला दोन्ही खटकतात, पण का ते धड सांगता येत नाही.

सर कसे आहेत ते सांगते. बुटके, चौकटीचा शर्ट, कायम सायकलवर. स्टेजवर बोलायला उभे केले तर दोन वाक्यांत आटपून खाली बसतात. पण वर्गात नवीन मूल आलं की नाव नंतर, आधी गाव विचारायचे. मग त्या गावचा बाजार कुठल्या वारी भरतो, जत्रा कधी असते, एसटी कुठे थांबते हे स्वतःच सांगायला लागायचे. एखादी गोष्ट मुद्दाम अर्धवट सोडायचे. मूल म्हणायचं, 'नाही सर, आता स्टँड पलीकडे गेला,' आणि तिथून बोलायला लागायचं ते थांबायचंच नाही. शिपाईमामांशी बोलतानाही तेच, शिक्षणाधिकारी तपासणीला आले तरी तेच.

याला इंग्रजीत काय म्हणतात? आणि चार्म, कॅरिझ्मा वगैरे शब्दांत नेमका फरक काय, यावरही लिहा.

पेठकरी

कॅरिस्मॅटिक नक्की नको. कॅरिझ्माला समोर गर्दी लागते. माणूस मैदानात आला, लोक उठून उभे राहिले, त्याने हात वर केला आणि सगळं शांत झालं, हा कॅरिझ्मा. तुमचे सर तर स्टेजवरून पळतात. चार्मला एकच माणूस समोर असला तरी पुरतं. त्या दोघांत चार्मिंगच बरं.

दुपारचा_चहा

'मॅग्नेटिक पर्सनॅलिटी' लिहून टाका, छान भारदस्त वाटतं.

अनुस्वार

@दुपारचा_चहा, ते वधूवर सूचक मंडळाच्या अर्जात छान वाटतं. आणि 'पर्सनॅलिटी'पासून जरा जपूनच. आपण मराठीत 'काय पर्सनॅलिटी आहे त्याची' म्हणतो तेव्हा उंची, छाती, खांदे यांबद्दल बोलत असतो. इंग्रजी वाचणारी नातवंडं तो शब्द स्वभावासाठी घेणार. 'स्मार्ट'चंही तेच. आपल्याकडे स्मार्ट मुलगा म्हणजे दिसायला तरतरीत, अमेरिकेत म्हणजे हुशार.

दुपारचा_चहा

आणि 'होमली'! आपल्याकडच्या स्थळांच्या जाहिरातीत ती घरगुती, कामसू मुलगी. अमेरिकन माणसाने वाचलं तर दिसायला यथातथा.

शब्दवेडी

वा, आवडीचा विषय. जरा पाल्हाळ लावते.

या कुळातले बरेचसे इंग्रजी शब्द मंत्रतंत्रातून आलेत. चार्म आला लॅटिन 'कार्मेन'वरून. कार्मेन म्हणजे गाणं, आणि म्हणायचा मंत्रसुद्धा. ब्रेसलेटला लटकवायच्या चिमुकल्या वस्तूंना चार्म म्हणतात ते मुळात ताईतच. 'वर्क्स लाइक अ चार्म' म्हणजे तोडगा लागू पडला. 'एन्चँट'मध्येही मंत्र म्हणणं आहे. 'बिविच'मध्ये तर चेटकीण उघड दिसते. 'स्पेल' हे आधी नुसतं बोलणं, गोष्ट. पुढे त्याचा अर्थ मंत्राचे शब्द असा झाला, आणि त्यांनी बांधलेला तो 'स्पेलबाउंड'.

'फॅसिनेट' म्हणजे मूळात दृष्ट लावणं. रोमन लोक दृष्ट लागू नये म्हणून मुलांच्या गळ्यात 'फॅसिनम' नावाचा ताईत घालायचे. 'प्रेस्टिज'चा लॅटिन पूर्वज म्हणजे हातचलाखी करणाऱ्याची फसवाफसवी. त्याला आजची मानमरातबाची झळाळी फार नंतर आली. 'अल्युअर'मधलं 'ल्युअर' म्हणजे उडालेल्या ससाण्याला परत बोलावण्यासाठी शिकारी फिरवायचे ते पिसांचं आमिष.

आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? मोहिनी घालणे, भुरळ पाडणे, भूल पडणे, गारुड करणे. 'स्नेक चार्मर' म्हणजे गारुडी, तेव्हा चार्मला जवळचा मराठी शब्द गारुड. साप दोन्हीकडे आहे.

तिसरी_घंटा

शब्दवेडी, तुम्ही 'ग्लॅमर' सोडलात! तो तर या यादीतला राजा. ग्लॅमर हा 'ग्रामर'चा स्कॉटिश अवतार. ज्या काळी पोथी वाचता येणं हीच अद्भुत गोष्ट होती तेव्हा व्याकरण, विद्या आणि गुप्तविद्या एकाच पोतडीत होती. तिथून ग्लॅमर म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्यांवर टाकलेली जादू, नाही ते आहे असं दाखवणारी. वॉल्टर स्कॉटने १९व्या शतकाच्या सुरुवातीला हा शब्द इंग्रजी वाचकांत रुळवला. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: नजरबंदी.

हा मूळ अर्थ धरला तर मराठी रंगभूमीवरचं सगळ्यांत मोठं ग्लॅमर बालगंधर्वांचं. नारायण श्रीपाद राजहंस नावाचा पुरुष नऊवारी नेसून उभा राहतो आणि समोरच्या प्रेक्षकाला तो पुरुष आहे हेच दिसेनासं होतं. नुसतं तेवढंच नाही, घरंदाज बायका त्यांच्या नेसण्याची, दागिन्यांची, केसांतल्या फुलांची नक्कल करायच्या. बाईपण पुरुषाकडून शिकायचं! यापेक्षा मोठी नजरबंदी कुठली?

मी हौशी रंगभूमीवर काम करते. आमच्यात आणखी एक शब्द चालतो, 'प्रेझेन्स'. तो ग्लॅमरहून वेगळा. काही नट विंगेतून येऊन नुसते खुर्चीवर बसतात, तोंडात एक वाक्य नसतं, तरी डोळे त्यांच्यावरून हलत नाहीत. तोच नट चहाच्या टपरीवर भेटला तर चार वाक्यं धड बोलणार नाही. प्रेझेन्स असलेला माणूस चार्मिंग असतोच असं नाही, हे मी फार जवळून बघितलंय.

अनुस्वार

सुंदर प्रतिसाद, पण मूळ अर्थ कळून सायलीचं वाक्य पुढे सरकत नाही. आज फॅसिनेटिंग म्हणताना कुणाच्या मनात मीठमोहऱ्या नसतात. शब्द कुणाच्या शेजारी बसतो ते बघायला हवं.

इंग्रजीत चार्म 'टर्न ऑन' करता येतो, नळासारखा. 'टर्न ऑन द चार्म' म्हटलं की काम काढून घ्यायला गोड झाला असाच वास येतो. 'चार्म ऑफेन्सिव्ह' हा तर राजकारणातला नेहमीचा शब्द, गोड वागून केलेली चढाई. कॅरिझ्मा 'टर्न ऑन' केला असं सहसा कुणी म्हणत नाही, तो 'एग्झ्यूड' होतो, अंगातून पाझरतो. आणि ब्रिटिश माणूस कुणी तोंडावर दार आपटल्यावर 'चार्मिंग!' म्हणतो ते टोमण्यात.

म्हणून पेठकरींशी अर्धाच सहमत. चार्म समोरासमोरचा, हे खरं. पण चार्मिंग माणूस आपण चार्मिंग आहोत हे बहुतेक वेळा जाणून असतो. सायलीच्या वर्णनातले सर ते जाणून आहेत असं मला वाटत नाही.

पेठकरी

एखादी गोष्ट मुद्दाम अर्धवट सोडायचे असं लिहिलंय की त्यांनी. मुद्दाम! सर चांगलेच जाणून आहेत.

अनुस्वार

ते शिक्षकाचं कसब झालं. पोराने दुरुस्त करावं म्हणून जागा ठेवायची. स्वतःची छाप पाडण्यासाठी केलेलं ते नव्हे.

डेट्रॉईटकर

इथल्या नोकरीतला अनुभव सांगतो. शिफारसपत्रात 'चार्मिंग' लिहिलं की वाचणारा थबकतो. काम येतं की नुसता बोलतो? तिथे 'पर्सनेबल' लिहितात, म्हणजे चारचौघांत मिळून मिसळून राहणारा. त्याच्या वरची पायरी 'एंगेजिंग', ज्याचं बोलणं ऐकावंसं वाटतं. मोठ्या पदासाठी 'ग्रॅव्हिटास', म्हणजे भारदस्तपणा, आणि 'एग्झिक्युटिव्ह प्रेझेन्स', म्हणजे वरिष्ठ पदाला शोभेल असा वावर. हा शेवटचा शब्द मला मनापासून आवडत नाही. आमच्या एका अत्यंत हुशार मराठी सहकारी बाईंची बढती दोनदा या एका शब्दावर अडली. नेमकं काय कमी पडतंय असं विचारलं तर कुणाला सांगता येईना. आवाज बारीक, उच्चार वेगळा, बैठकीत दुसऱ्याचं बोलणं न तोडणं, एवढंच त्यामागे होतं. ज्या गुणाची व्याख्या करता येत नाही तो मोजमापात धरला की असंच व्हायचं.

आता टाळायचे शब्द. 'स्मूथ' हा हेलकावे खाणारा शब्द, कौतुकही होतं आणि इशाराही. 'स्लिक' म्हणजे गुळगुळीत, हातातून निसटणारा. 'ग्लिब' म्हणजे विचार न करता पोपटासारखा बोलणारा. 'अंक्चुअस' म्हणजे अंगाला तेल लावल्यागत चिकट गोड. 'इनग्रेशिएटिंग' म्हणजे लाडीगोडी लावणारा. शब्दकोशात लाघवीसमोर हा शब्द दिसला तर कृपया उचलू नका. सर आयुष्यभर लाडीगोडी लावत फिरले असा अर्थ छापून येईल.

अवांतर: घरांच्या जाहिरातीत 'चार्मिंग' म्हणजे घर लहान आणि जुनं.

मास्तर_निवृत्त

मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवायचो, त्यामुळे कॅरिझ्माबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही.

हा शब्द आजच्या अर्थाने आपल्याला दिला तो जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने. वेबर १९२० साली गेला, त्याचं मोठं काम त्यानंतर छापलं गेलं, आणि त्यातल्या या भागाचं इंग्रजी भाषांतर १९४७ साली आलं. लोक सत्ता का मानतात, याची त्याने तीन कारणं सांगितली. पूर्वापार चालत आलंय म्हणून, कायद्यात लिहिलंय म्हणून, आणि या माणसात काही असामान्य आहे असं वाटतं म्हणून. हे तिसरं म्हणजे कॅरिझ्मा.

यातला 'वाटतं' हा शब्द विद्यार्थ्यांच्या हातून हमखास निसटायचा. वेबरच्या लेखी कॅरिझ्मा नेत्याच्या अंगात किती आहे याला महत्त्व नाही, अनुयायी तो मानतात की नाही याला आहे. पुन्हा पुन्हा अपयश आलं, लोकांचं भलं होईना, की कॅरिझ्मा ओसरतो. माणूस तोच, आवाज तोच, पण मैदान रिकामं. आणि नेता गेल्यावर ती शक्ती गादीत, पदात, घराण्यात मुरवावी लागते. कॅरिझ्मा हा प्रकार मुळातच अस्थिर आहे. पंचाहत्तरीपर्यंत सायकलवरून टिकणारी गोष्ट ही नव्हे.

वसईचा_वारा

मास्तर, वेबरने तो शब्द चर्चमधून उचलला. ग्रीक 'खारिस' म्हणजे कृपा, आणि कॅरिझ्मा म्हणजे देवाने दिलेलं कृपादान. संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात या दानांची यादीच आहे: आजार बरे करणं, संदेश देणं, अनोळखी भाषांत बोलणं. १९६७ साली अमेरिकेत कॅथलिकांमध्ये कॅरिस्मॅटिक रिन्युअल नावाची चळवळ सुरू झाली, ती आपल्याकडेही आली. आमच्याकडे 'ती कॅरिस्मॅटिकला जाते' म्हटलं तर ती प्रार्थनासभेला जाते असाच अर्थ निघतो. लहानपणी वर्तमानपत्रात एका पुढाऱ्याला कॅरिस्मॅटिक म्हटलेलं वाचून मला वाटलं होतं की हा हात ठेवून आजार बरे करतो.

दुपारचा_चहा

मग आपला पेपरातला 'करिष्मा' म्हणजे हाच का? वसईमार्गे आला?

शब्दवेडी

नाही, आणि मला ही जोडी फार आवडते. करिष्मा फारसीतून आला, 'किरिश्मा'वरून. तिथे त्याचा अर्थ नेत्रकटाक्ष, नखरा. उर्दू-हिंदीत येईपर्यंत त्याचा चमत्कार झाला. ग्रीक कॅरिझ्माशी त्याचं रक्ताचं नातं नाही. एक देवाची कृपा, एक डोळ्यांची अदा. दोघांचा आवाज जुळला म्हणून मराठी पत्रकारितेत त्यांचं लग्न लागलं, आणि 'करिष्माई नेतृत्व' छापताना आपण दोघांनाही एकदम आमंत्रण देतो.

टेथोस्कोप

जादूचा विषय निघालाय तर 'मेस्मराइज' राहिलाच. हा शब्द फ्रान्झ मेस्मर या डॉक्टरच्या नावावरून. माणसाच्या अंगात चुंबकीय प्रवाह असतो आणि तो वळवून रोग बरे करता येतात, असं त्याचं म्हणणं. पॅरिसमध्ये लोक अक्षरशः वेडे झाले होते. १७८४ साली राजाने चौकशी समिती नेमली, तीत बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. समितीने सांगितलं, प्रवाह वगैरे काही नाही, परिणाम घडतो तो कल्पनेमुळे. वरती कुणी 'मॅग्नेटिक पर्सनॅलिटी' म्हणालं, त्या शब्दालाही हा सगळा वारसा आहे.

याचा भारताशी थेट संबंध आहे. जेम्स एस्डेल हा स्कॉटिश सर्जन १८४५पासून बंगालमध्ये हुगळीला रुग्णांना मेस्मराइज करून मोठमोठ्या गाठी कापायचा. पुढच्या वर्षी कलकत्त्यात त्याला यासाठी वेगळं रुग्णालयही मिळालं. पण तेवढ्यात ईथर आलं. नाकाशी धरलं की कुणीही बेशुद्ध होतो म्हटल्यावर तासन्‌तास हात फिरवणाऱ्याची गरज कुणाला?

आर्याची_आई

आमच्याकडे हे सगळे शब्द बाद आहेत. लेक नववीत. तिच्या दुनियेत एकच शब्द, 'रिझ'. वर्गातल्या अमक्याला रिझ आहे, तमक्याला शून्य रिझ. कॅरिझ्माचा मधला तुकडा कापून काढलाय म्हणे.

अनुस्वार

हो, ऑक्सफर्डने २०२३चा वर्षशब्द म्हणून तोच निवडला होता. तो क्रियापद म्हणूनही चालतो, 'रिझ अप' करणे म्हणजे सरळ मराठीत पटवणे. इथे एक गोष्ट नोंदवण्यासारखी: देवाच्या कृपेपासून निघालेला शब्द दोन हजार वर्षांत कट्ट्यावर आला, आणि गर्दीचा शब्द परत एका माणसासाठीचा झाला.

पेठकरी

आणि आपल्याकडे 'रिझवणे' आधीपासून आहे! आर्याला सांगा, रिझ आमचाच.

आर्याची_आई

सांगितलं. 'आई, प्लीज' असं उत्तर आलं.

मृद्गंध

बायका आणि पुरुषांना वेगळे शब्द लागतात त्याबद्दल कुणीच बोललं नाही. डेबोनेर, स्वाव्ह, डॅशिंग हे पुरुषांना. एखाद्या बाईला डेबोनेर म्हटलेलं क्वचितच वाचायला मिळतं. अल्युअरिंग, बिविचिंग, एन्चँटिंग हे बहुतेक बायकांना. म्हणजे पुरुष ऐटबाज असतो आणि बाई मात्र जादूटोणा करते. पुरुषाचा रुबाब त्याच्या कुळशीलात. डेबोनेर मूळ फ्रेंचमध्ये चांगल्या घराण्यातला असाच आहे. बाईकडे बघून कुणी घायाळ झाला तर दोष तिच्या मंत्राचा. हे मला खटकतं आणि इंग्रजीत लिहिताना मी हे शब्द बाईसाठी मुद्दाम टाळते.

सायली, तुमच्यासाठी दोन शब्द सुचतात ज्यांच्यात चेटूक नाही. 'विनसम' हा जुन्या इंग्रजीतल्या आनंद या अर्थाच्या शब्दावरून आलाय, लोभसच्या जवळ जातो, पण तो लहान मुलांना आणि हसण्याला जास्त शोभतो. दुसरा 'अफेबल'. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ज्याच्याशी सहज बोलता येतं असा. तुमचे सर!

डेट्रॉईटकर

अफेबल अर्थाने चपखल, पण जरा फिका आहे. क्लबात भेटणारे सगळ्यांशी बरे बोलणारे काका. माझं मत 'डिसआर्मिंग'ला, म्हणजे समोरच्याला शस्त्रं खाली ठेवायला लावणारा. नवीन शाळेत आलेलं मूल ढाल घेऊनच बसलेलं असतं. सर गाव विचारतात आणि ढाल खाली येते.

शब्दवेडी

डिसआर्मिंगला माझाही दुजोरा.

मी वर जे सगळे शब्द लिहिले त्यांत समोरच्याचं भान जातं. तो बांधला जातो, भुलतो, गप्प होऊन बघत राहतो. सरांपुढे उलट घडतं. गप्प बसलेल्याला कंठ फुटतो. सायली, तुम्हाला चार्मिंग आणि कॅरिस्मॅटिक का खटकले त्याचं कारण मला हे वाटतं. त्या दोन्ही शब्दांत सगळा उजेड सरांवर पडतो. तुमच्या आठवणीत तो त्या पोरावर पडलाय. म्हणून विशेषणाच्या मागे फार लागू नका. स्टँड पलीकडे गेला ही गोष्टच इंग्रजीत लिहा, ती नातवंडांनाही कळेल.

सायली_क

सगळ्यांचे मनापासून आभार. शब्दवेडी, तुमचा प्रतिसाद समितीला जसाच्या तसा पाठवला. सगळ्यांना पटलं. मूळ वाक्य तोडून असं केलंय:

'ही हॅड अ वे विथ पीपल. ही वुड आस्क युअर व्हिलेज बिफोर युअर नेम, अँड बाय द टाइम ही गॉट टु द नेम, यू वर ऑलरेडी टॉकिंग.'

त्यानंतर एसटी स्टँडचा प्रसंग आणि त्यात एकदा 'डिसआर्मिंग'.

मृद्गंध

छान झालंय. फक्त 'ही हॅड' वाचून सर आता नाहीत असं वाटेल. पहिलं वाक्य 'ही हॅज ऑल्वेज हॅड अ वे विथ पीपल' करा. वर्गातला भाग भूतकाळातच राहू दे, ते निवृत्त आहेत.

सायली_क

बरोबर, बदलते. सरांच्या सायकलवरच्या फोटोखाली एका ओळीची जागा आहे, तिथे 'अफेबल' टाकतेय. पानं सोमवारी छपाईला जातील.